बाल्डविनची माणसं: चौथ्या धर्मयुद्धात एका काउंटचे अनुयायी कसे पांगले

२३ फेब्रुवारी १२०० रोजी, राखेच्या बुधवारी, ब्रुज शहरात फ्लँडर्सचा काउंट बाल्डविन नववा याने क्रूस घेतला. म्हणजे कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवून जेरुसलेमला जाऊन लढण्याची जाहीर शपथ वाहिली. वय सत्तावीस. सोबत बायको मारी, भाऊ हेन्री आणि मुलखातले वीसेक नामांकित सरदार. प्रत्येकामागे त्याचे नाइट, घोडेस्वार शिपाई, तिरंदाज, पायदळ, मोतद्दार आणि पाद्री.

पाच वर्षांनी, १२०५ च्या एप्रिलअखेर, यांतलं कोण कुठे होतं? बाल्डविन बल्गेरियाच्या राजाच्या कैदेत. मारी अक्का बंदरात साथीला बळी पडलेली. हेन्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, भावाच्या नावाने कारभार पाहणारा. काउंटने स्वतः सजवून धाडलेलं आरमार त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. काही जण एड्रियानोपलच्या माळावर मारले गेले होते, काही अँटिओकच्या वाटेवर, आणि काही व्हेनिसच्या जहाजांतून घराकडे निघाले होते. जेरुसलेमच्या तटापर्यंत सैन्य म्हणून कोणीच गेलं नाही.

चौथ्या धर्मयुद्धाचा इतिहास बहुतेक वेळा पोप, व्हेनिसचा डोज (तिथला निवडलेला राज्यप्रमुख) आणि पळपुटे बायझंटाइन सम्राट यांच्याभोवती फिरतो. या प्रकरणात मी बाल्डविनच्या मागे चाललेल्या माणसांकडे बघणार आहे. ती का निघाली, कोणत्या टप्प्यावर कोण सुटलं आणि कोण टिकलं? ही माणसं आठशे वर्षं ‘इमानी’ आणि ‘पळपुटे’ अशा दोन खणांत टाकून ठेवलेली आहेत, आणि ती वाटणी मला अन्यायाची वाटते.

साक्षीदाराबद्दल आधी

आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं जॉफ्रुआ द व्हिलहार्डुइन या एका माणसाच्या इतिवृत्तातून येतं. तो शँपेनचा मार्शल, म्हणजे तिथल्या काउंटचा लष्करी अधिकारी. सगळं डोळ्यांनी पाहिलेला, नावं आणि आकडे चोख देणारा, पण या प्रकरणात तो तटस्थ नाही. १२०१ च्या एप्रिलमध्ये व्हेनिसशी जो करार झाला, तो करणाऱ्या सहा वकिलांपैकी तो एक होता. कराराप्रमाणे ४,५०० नाइट, तेवढेच घोडे, ९,००० स्क्वायर (नाइटांचे मदतनीस) आणि २०,००० पायदळ समुद्रापार न्यायचं होतं आणि त्यापोटी ८५,००० मार्क चांदी द्यायची होती. अंदाज भलताच फुगवलेला निघाला. १२०२ च्या उन्हाळ्यात व्हेनिसला यातली जेमतेम एकतृतीयांश माणसं आली आणि ३४,००० मार्क कमी पडले.

या फसलेल्या हिशेबाचं खापर व्हिलहार्डुइन सतत दुसऱ्या बंदरांतून गेलेल्यांवर फोडतो. ते व्हेनिसला आले असते तर पैसे पुरले असते, असं त्याचं म्हणणं. पण हा करार सहा जणांनी केला होता. व्हेनिसमधूनच जाईन अशी शपथ सामान्य क्रूसधाऱ्याने कधी घेतली नव्हती, त्याची शपथ जेरुसलेमची होती. बाल्डविनच्या माणसांबद्दल मार्शल जे निवाडे देतो, ते वाचताना एवढं लक्षात ठेवावं लागतं.

मंडळी कोण होती

बाल्डविनचं राज्य दुहेरी होतं. तो फ्लँडर्सचा काउंट होता आणि शेजारच्या एनोचाही. एनोत तो बाल्डविन सहावा म्हणून मोजला जातो. जन्म व्हालँसियेनचा, जे आज फ्रान्समध्ये आहे. म्हणून ‘फ्लेमिश पथक’ म्हटलं की ज्यांची चित्रं डोळ्यांपुढे येतात, त्यांतले पुष्कळसे प्रत्यक्षात फ्रेंच बोलणारे एनो आणि आर्त्वाकडचे जमीनदार होते.

यादीतली काही नावं पुढे पुन्हा पुन्हा येतील. बेथ्यूनचे दोघे भाऊ: थोरला गियोम, घराण्याच्या जहागिरीचा धनी, आणि धाकटा कोनोन, कवी आणि फर्डा वक्ता. ब्रुजचा किल्लेदार जाँ द नेल. बाल्डविनचा नातलग तिएरी, आधीच्या काउंटचा अनौरस मुलगा. जाक द आव्हेन, ज्याचा बाप तिसऱ्या धर्मयुद्धात अर्सूफला पडला होता. मात्यू द वालँकूर. आणि व्हालँसियेनजवळच्या त्रीतचा रेनिए, जो आपला मुलगा, भाऊ, भाचा आणि जावई यांना घेऊन निघाला.

या माणसांना बाल्डविनशी बांधणारे धागे एकसारखे नव्हते. कोणी रक्ताचा, कोणी सरंजामाचा, कोणी शेजारच्या गढीचा. काही जण चक्क पैशाचे होते. जिल द त्राझनी हा त्याचा इमानाने बांधलेला मांडलिक होता, तरीही सोबत यावं म्हणून काउंटने त्याला पदरचे ५०० लिव्हर दिले होते. मांडलिकी असूनही वर रोकड द्यावी लागावी, याचं कारण साधं आहे. सरंजामाच्या बदल्यात करायची चाकरी ठरलेल्या मुदतीची आणि आसपासच्या मुलखातली असे. समुद्रापलीकडे अनिश्चित काळासाठी जायला कोणताही सरदार आपल्या मांडलिकाला नुसत्या हुकमाने भाग पाडू शकत नव्हता. ज्याने त्याने क्रूस स्वतःच्या मनाने घेतला होता आणि ती शपथ देवाशी होती.

म्हणजे प्रत्येकाच्या खांद्यावर दोन वचनं होती, एक धन्याला आणि एक जेरुसलेमला. धनी जेरुसलेमच्या वाटेवर होता तोवर ही दोन्ही एकच होती.

आरमार

पहिली फट घरातच पडली. १२०२ च्या उन्हाळ्यात फ्लँडर्सहून एक मोठं आरमार निघालं. त्यावर जाँ द नेल, तिएरी आणि निकोला द मायी हे तिघे मुख्य. काउंटचे उत्तमोत्तम शिपाई याच जहाजांवर होते. बाल्डविन आणि हेन्री यांनी त्यांच्याबरोबर कापड, धान्य आणि इतर सामानाने भरलेली जहाजंही दिली होती. तिघांनी संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घेतली होती की मोरोक्कोच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून, काउंट जिथे असेल तिथे त्याला गाठू.

इकडे व्हेनिससमोरच्या सेंट निकोलस बेटावर पैसे भरता येईनात म्हणून सैन्य अडकून पडलं होतं. बाल्डविनने जवळ होतं नव्हतं ते सगळं दिलं, वर मिळेल तेवढं उसनं काढलं. सोन्याचांदीची भांडी डोजच्या वाड्याकडे वाहून नेली जात होती. तरीही ३४,००० ची तूट तशीच राहिली. मग डोज एन्रिको दांदोलो याने तोड काढली: डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचं झारा शहर, आजचं झादार, आम्हाला जिंकून द्या आणि कर्ज पुढे ढकला. झारा ख्रिस्ती होतं आणि तिथला धनी, हंगेरीचा राजा, स्वतः क्रूस घेतलेला. पोपने स्पष्ट मनाई केली होती. नोव्हेंबर १२०२ मध्ये शहर पडलं आणि सैन्यावर चर्चमधून बहिष्काराची शिक्षा बसली.

फ्लेमिश आरमार त्या हिवाळ्यात मार्सेयला थांबलं होतं. त्यांचे जासूद झाराला आले आणि पुढे काय करायचं म्हणून विचारू लागले. बाल्डविनने डोजच्या सल्ल्याने निरोप दिला: मार्चअखेर निघा आणि ग्रीसच्या किनाऱ्यावर मेथोनीला आम्हाला भेटा. आरमार निघालं, मेथोनीला गेलं नाही, सरळ सीरियाला गेलं.

व्हिलहार्डुइनच्या मते ही शपथभंगाची परिसीमा. मी हा निरोप मार्सेयच्या धक्क्यावरून वाचून पाहतो. जासूद झाराहून परत आले होते, म्हणजे ख्रिस्ती शहर लुटल्याची बातमी त्यांनी बरोबरच आणली असणार. सैन्य बहिष्कृत आहे, डोज सल्ला देतोय आणि भेटीची जागा ग्रीसमध्ये आहे. जेरुसलेमला निघालेल्या माणसाला यात काही तरी खटकणं स्वाभाविक होतं. काउंटला दिलेलं वचन मोडलं हे खरंच, पण ते मोडून ही मंडळी घरी पळाली नाहीत. जिथे जाण्याची मूळ शपथ होती तिथेच गेली.

तिथे हाती काही लागलं नाही ही गोष्ट वेगळी. अक्कातून राज्य करणारा जेरुसलेमचा राजा एमेरी, जो सायप्रसचाही राजा होता, मुसलमानांशी केलेला तह मोडायला तयार नव्हता, त्यामुळे आलेल्यांना कामच नव्हतं. तिएरीने मार्सेयला सायप्रसच्या पदच्युत राजाच्या मुलीशी लग्न केलं होतं. त्या जोरावर तो त्याच एमेरीकडे सायप्रस बेट मागायला गेला आणि नकार घेऊन परतला. काही नाइट काम शोधत अँटिओककडे निघाले. वाटेत हलबच्या (अलेप्पोच्या) सैन्याने त्यांना गाठलं. ऐंशीच्या आसपास नाइट होते, त्यांतले मेले नाहीत ते पकडले गेले. मेलेल्यांत जिल द त्राझनी होता. काउंटचे ५०० लिव्हर घेतलेला जिल, इटलीच्या दक्षिणेकडून वेगळ्या वाटेने सीरियाला गेला होता. त्याचं नाव लिहिताना मार्शल ती रक्कम आठवणीने नोंदवतो.

कोर्फूची दरी

जे बाल्डविनबरोबर राहिले, त्यांचंही मन स्थिर नव्हतं. झाराला नवा प्रस्ताव आला. पदच्युत सम्राटाचा मुलगा ॲलेक्सियस म्हणाला, मला कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसवा. २,००,००० मार्क देतो, मोहिमेला १०,००० माणसं देतो, पवित्र भूमीत कायमचे ५०० नाइट ठेवतो आणि ग्रीक चर्च रोमच्या अधीन आणतो. या करारावर शपथ घ्यायला फ्रेंच बाजूचे फक्त बाराजण तयार झाले. बाल्डविन त्यांत होता. संबंध सैन्यात बारा! यापेक्षा बोलका आकडा या मोहिमेत दुसरा नाही.

१२०३ च्या वसंतात कोर्फू बेटावर अर्ध्याहून अधिक सैन्याने ठरवलं की आपण इथेच राहू आणि सीरियाला जाण्याची सोय करू. ठरवणाऱ्यांच्या म्होरक्यांत बाल्डविनच्या यादीतला जाक द आव्हेन होता. ही मंडळी एका दरीत मसलतीला बसली असताना मोहिमेचा नेता बोनिफेस, काउंट मंडळी आणि बिशप घोड्यांवरून तिथे आले. थोड्या अंतरावर उतरून पायी पुढे झाले आणि बंडखोरांच्या पायांवर कोसळून रडू लागले. काउंट आपल्याच मांडलिकाच्या पायाशी! बंडखोरही रडले. मग बाजूला जाऊन त्यांनी विचार केला आणि रडून झाल्यावरही अटी घालायला विसरले नाहीत: आम्ही सेंट मायकेलच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत, राहतो. त्यानंतर आम्ही मागू तेव्हा पंधरा दिवसांत सीरियाला जायची जहाजं द्यायची. नेत्यांनी तशी शपथ घेतली.

हा प्रसंग मला संपूर्ण प्रकरणाचा कणा वाटतो. इथून पुढे बाल्डविनची माणसं मुदतीच्या करारावर राहिली. कोणत्या तारखेपर्यंत, कशाच्या बदल्यात, हे प्रत्येक टप्प्यावर नव्याने ठरू लागलं.

लढायला मात्र ती कमी पडली नाहीत. जुलै १२०३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलवर जाताना सात तुकड्या केल्या, तेव्हा आघाडी बाल्डविनला दिली गेली, कारण सर्वांत जास्त तिरंदाज आणि आडधनुष्यवाले त्याच्याकडे होते. दुसरी तुकडी हेन्रीची, तिच्यात मात्यू द वालँकूर. गलाताच्या बुरुजापाशी कोर्फूचा बंडखोर जाक द आव्हेन तोंडावर भाल्याचा वार खाऊन मरता मरता वाचला. त्याच्याच एका नाइटने घोडं मधे घालून त्याला सोडवलं.

वाटणी आणि मुदत

गादीवर बसल्यावर ॲलेक्सियसने पैसे पुरते दिले नाहीत, त्याचा खून झाला, आणि १३ एप्रिल १२०४ रोजी शहर धर्मयोद्ध्यांच्या हाती पडलं. लुटीबद्दल इथे लांबण लावत नाही. शहराची झालेली विटंबना जगजाहीर आहे आणि ती करणाऱ्यांत बाल्डविनचे लोकही होते. अनुयायांच्या दृष्टीने वाटणीचं सूत्र महत्त्वाचं: पायदळ शिपायाला एक वाटा, घोडेस्वार शिपायाला दोन, नाइटला चार. प्रत्यक्षात ते ५, १० आणि २० मार्क होते. लूट लपवणाऱ्यांना फाशी दिलं. सेंट पोलच्या काउंटने तर आपल्या एका नाइटला गळ्यात त्याची ढाल अडकवून लटकवलं. रॉबेर द क्लारी नावाच्या गरीब पिकार नाइटने या वेळची तक्रार लिहून ठेवली आहे: बड्यांनी गरिबांना न कळवता शहरातले चांगले वाडे आधीच बळकावले.

९ मे रोजी बाल्डविन सम्राट निवडला गेला आणि १६ मे रोजी हागिया सोफियात त्याला मुकुट घातला. साम्राज्याचा चौथा हिस्सा त्याचा. उरलेल्यात अर्धं व्हेनिसचं, अर्धं इतर सरदारांचं. काउंटच्या माणसांना आता फ्लँडर्समध्ये स्वप्नातही आले नसते असे मुलूख मिळाले, बहुतेक वेळा अजून न जिंकलेले. रेनिए द त्रीतला फिलिप्पोपोलिस, म्हणजे आजचं बल्गेरियातलं प्लोव्दिव्ह, मिळालं. जमिनीची बातमी सीरियात पोचली तसे तिकडे गेलेल्यांतले काही परत फिरले. तिएरी द देंदरमोंद (आरमारातल्या तिएरीहून वेगळा) त्यांच्याबरोबर आला, साम्राज्याच्या सैन्याचा सेनाधिकारी झाला आणि जानेवारी १२०६ मध्ये लढताना मेला.

बाल्डविनची बायको मारी मात्र येऊ शकली नाही. नवरा निघाला तेव्हा ती गरोदर होती. मुलगी झाल्यावर ती मार्सेयहून अक्काला गेली. नवरा सम्राट झाल्याचं तिला तिथे कळलं, आणि कॉन्स्टँटिनोपलला निघण्याआधीच ती वारली. पतीच्या मागे निघालेली ती शेवटची अनुयायी. तिच्याबद्दल इतिहासकार एखादं वाक्य लिहून पुढे जातात, ते मला बरोबर वाटत नाही.

आता मुदतीकडे. शहरावर अखेरचा हल्ला करण्याआधी, मार्च १२०४ मध्ये, व्हेनिस आणि धर्मयोद्धे यांच्यात जो करार झाला त्यात एक कलम होतं: नव्या सम्राटाला बळकटी यावी म्हणून सगळ्यांनी मार्चअखेरपासून एक वर्ष थांबायचं, त्यानंतर ज्याला जायचं तो जाऊ शकतो. पुढे पोपचा वकील, कार्डिनल पिएत्रो दा कापुआ, याने जाहीर केलं की मार्च १२०५ पर्यंत इथे राहून साम्राज्याचं रक्षण करणाऱ्याची जेरुसलेमची शपथ पुरी झाली असं समजावं. पोप इनोसंट तिसरा हे कळल्यावर संतापला आणि त्याने कार्डिनलची खरडपट्टी काढली. पण सैन्याला दिलेला शब्द देऊन झाला होता. १ एप्रिल १२०५ या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमधला साधा क्रूसधारी दोन्हीकडून मोकळा होता, सम्राटाच्या करारातून आणि देवाच्या शपथेतूनही.

दोन आठवड्यांनी एड्रियानोपलची लढाई झाली.

पाच जहाजं

त्या वर्षाच्या सुरुवातीला थ्रेसमधल्या ग्रीकांनी उठाव केला आणि बल्गेरियाचा राजा कालोयान त्यांच्या मदतीला आला. हेन्री आशियाच्या बाजूला मोहिमेवर होता. बाल्डविनने त्याला बोलावलं खरं, पण त्याची वाट न पाहता १४० नाइट घेऊन निघाला. १४ एप्रिलला एड्रियानोपलसमोर कालोयानच्या कुमान, म्हणजे भटक्या टोळीच्या, घोडेस्वारांनी पळण्याचं सोंग केलं. पाठलाग करायचा नाही असं ठरलेलं असूनही ब्ल्वाचा काउंट लुई धावला, बाल्डविन त्याच्या मागे गेला आणि दोघे वेढले गेले. लुई मेला, मात्यू द वालँकूर मेला, सम्राट जिवंत पकडला गेला.

बातमी राजधानीत आली तेव्हा बंदरात व्हेनिसची पाच मोठी जहाजं घरी निघायच्या तयारीत होती. त्यांवर नाइट आणि शिपाई मिळून सात हजार माणसं. कार्डिनल आणि शहराचा त्या वेळचा रखवालदार कोनोन द बेथ्यून जहाजांवर गेले आणि रडून विनवू लागले: धन्यावर, ख्रिस्ती धर्मावर दया करा, जाऊ नका. जाणाऱ्यांनी ऐकलं नाही. जहाजं रोदोस्तो बंदराला लागली, तिथे एड्रियानोपलहून उरलेलं सैन्य घेऊन आलेल्या व्हिलहार्डुइनने पुन्हा विनवणी केली. ते म्हणाले, सकाळी सांगतो. सकाळी उत्तर न देताच शिडं उभारून निघून गेले.

जाणाऱ्यांत ज्याचं नाव मार्शलने आधी घेतलं तो म्हणजे गियोम द बेथ्यून, कोनोनचा सख्खा थोरला भाऊ. एक भाऊ धक्क्यावर हात जोडून उभा आणि दुसरा डेकवर!

इथे मार्शल कडाडून दोष देतो, आणि वर्षाची मुदत संपल्याचा उल्लेखही करत नाही. ते कलम मात्र त्याने स्वतःच आधीच्या पानांवर लिहून ठेवलेलं आहे. सात हजार माणसं ऐन संकटात गेली याची चीड मी समजू शकतो. मागे राहिलेल्यांचा जीव त्यात होता. पण जहाजं लढाईची बातमी येण्याआधीच भरलेली होती. सात हजार लोक घाबरून एका रात्रीत जमलेले नव्हते. मुदत संपली म्हणून निघालेले होते, आणि वाटेत त्यांना वाईट बातमीने गाठलं.

भावांच्या वेगळ्या निर्णयाचं उत्तर मला त्यांच्या जमिनीत दिसतं. गियोम घराण्याचा वारस होता. त्याची बायको मातिल्ड ही देंदरमोंदच्या संस्थानाची वारसदार. मागे भरलेलं घर होतं. तो परतला आणि १२१४ पर्यंत जगला. कोनोन धाकटा होता, तिकडे त्याच्या वाट्याला थोडंच होतं. इकडे तो साम्राज्याच्या पहिल्या फळीतला माणूस झाला, हेन्रीनंतर कारभारीही झाला आणि पूर्वेतच मेला. त्याचं इमान खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्याने संकटात जे केलं ते थोरच होतं. थोरल्याला परतायला घर होतं आणि धाकट्याचं घर आता इथे होतं, एवढंच म्हणतो.

स्टेनिमाका

मुदतीचा युक्तिवाद सगळ्यांना लागू पडत नाही, आणि इथे रेनिए द त्रीतचं उपप्रकरण येतं.

कॉन्स्टँटिनोपलपासून नऊ दिवसांच्या वाटेवर, फिलिप्पोपोलिसला, रेनिएकडे १२० नाइट होते. उठाव पेटताच त्याचा मुलगा रेनिए, भाऊ जिल, भाचा जाक द बोंदू आणि जावई आशार असे चौघे तीसेक नाइट घेऊन त्याला सोडून निघाले. राजधानी गाठण्याचा बेत होता. वाटेत ग्रीकांनी त्यांना पकडून कालोयानच्या हवाली केलं आणि त्याने त्यांची मुंडकी उडवली. मार्शल लिहितो की त्यांच्याबद्दल फारसं कोणी हळहळलं नाही. मग आणखी ऐंशी नाइट दुसऱ्या वाटेने निघून गेले. पोटच्या पोराने आणि सख्ख्या भावानेच सोडलं म्हटल्यावर त्यांना लाज कमी वाटली, हे व्हिलहार्डुइनचं निरीक्षण फार नेमकं आहे. पथक फुटायला लागलं की सर्वांत जवळचा माणूस आधी सुटणं सर्वांत घातक ठरतं. लांबच्याला त्यातून परवानगी मिळते. कोर्फूला म्होरके थांबले म्हणून बाकीचे थांबले. इथे म्होरके गेले म्हणून बाकीचे गेले.

रेनिएकडे पंधराच्या आसपास नाइट उरले. गावाबाहेरच्या वस्तीतले पॉलिशियन या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या, पंथाचे लोक शहर कालोयानला देण्याच्या बेतात आहेत असं कळल्यावर त्याने त्यांची वस्ती जाळली आणि तीन लीगवरच्या स्टेनिमाका किल्ल्यात, आजच्या आसेनोव्हग्राडजवळ, तो शिरला. वस्ती जाळण्याचं कृत्य क्रूरच होतं. रेनिएच्या चिवटपणाचं कौतुक करताना ते झाकू नये. किल्ल्यात तो तेरा महिने कोंडला गेला. भुकेपायी घोडे मारून खाल्ले. राजधानीला तो जिवंत आहे की नाही याचा पत्ता नव्हता आणि त्याला राजधानीचा.

१२०६ च्या उन्हाळ्यात हेन्रीने त्याच्यासाठी एक तुकडी पाठवली. तिच्यात कोनोन होता आणि मार्शल स्वतः होता. रस्ता शत्रूच्या मुलखातून, जोखीम मोठी. आघाडीवर मार्शलचा पुतण्या होता. रेनिएने तटावरून घोडेस्वार येताना पाहिले आणि हे आपल्याला वेढायला आलेले ग्रीकच आहेत असं त्याला वाटलं. पुतण्याने हलके घोडेस्वार आणि आडधनुष्यवाले पुढे काढून किल्ल्याचा अंदाज घेतला. जवळ आल्यावर ओळख पटली आणि मग गळाभेटी झाल्या.

आलेल्यांनी बाल्डविनबद्दल विचारलं. सम्राट कैदेत मेल्याच्या वावड्या वर्षभर येत होत्या, पण कोणी विश्वास ठेवत नव्हतं. त्यामुळे हेन्रीनेही कारभारी याच पदावर राहून राज्य चालवलं होतं. रेनिए म्हणाला, तो मेला, ही खरी गोष्ट आहे. त्याच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. सैन्य परतल्यावर, २० ऑगस्ट १२०६ रोजी, हेन्रीला मुकुट घातला गेला. पोपने कालोयानकडे बाल्डविनची सुटका मागितली होती. त्यालाही उत्तर मिळालं की तो तुरुंगात वारला. कसा आणि कुठे, यावर कथा पुष्कळ आहेत, भरवशाचा पुरावा नाही.

मायदेशी

फ्लँडर्समध्ये काउंटच्या दोन लहान मुली होत्या, योहाना आणि मार्गारेट. ज्यांनी त्यांच्या बापाचा मृत्यू जवळून पाहिला असता, ते बहुतेक पूर्वेत मेले किंवा तिथेच वसले. परतलेल्यांपैकी गियोमसारखे लोक सम्राट जिवंत कैदेत असतानाच निघालेले. प्रेत आलं नव्हतं, कबर नव्हती, साक्षीदार नव्हता. या पोकळीत १२२५ मध्ये एक संन्यासी उभा राहिला आणि लोक म्हणू लागले की हाच बाल्डविन, कैदेतून सुटून आला आहे. योहानाच्या कारभारावर नाराज असलेले सरदार आणि शहरंच्या शहरं त्याच्यामागे गेली. तो मुकुट घालून फिरला, लोकांना नाइट केलं, सरंजाम वाटले. वीस वर्षांपूर्वी पांगलेल्या पथकाच्या जागी एका तोतयाला काही महिन्यांत नवं पथक मिळालं.

फ्रान्सचा राजा लुई आठवा, जो बाल्डविनचा सख्खा भाचा होता, याने त्याला पेरोनला बोलावून साधे प्रश्न विचारले: माझ्या वडिलांपुढे मांडलिकीची शपथ कुठे घेतलीस, नाइट कुठे झालास, लग्न कुठे झालं? त्याला उत्तरं देता आली नाहीत आणि रात्रीत तो पळाला. पुढे पकडून आणल्यावर तो बर्त्राँ नावाचा माणूस असल्याचं निष्पन्न झालं आणि लीलला त्याला फाशी दिलं. योहाना १२४४ पर्यंत काउंटेस होती, आणि बापाला फासावर चढवल्याचा आळ तिच्यावर शेवटपर्यंत राहिला.